चाराच्या आठ पेट्या

टेबलावर लांबलचक पट, त्यावर सोंगट्या आणि ओळीने बसलेले चार जण : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. आपसांत बोलायला बंदी. दर आठवड्याला प्रत्येकाने एकच गोष्ट ठरवायची, ती म्हणजे बिअरच्या किती पेट्या मागवायच्या. तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी पुढे सरकवायची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये १९६०च्या सुमारास जे फॉरेस्टर यांच्या गटाने रचलेला हा ‘बिअर गेम’ आज जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत खेळला जातो. त्यात बिअरचा थेंबही नसतो, ही विद्यार्थ्यांची पहिली निराशा.

दुसरी निराशा हिशेब करताना होते.

सुरुवातीला गिऱ्हाईक आठवड्याला ४ पेट्या घेतं आणि प्रत्येकाकडे १२ पेट्यांचा साठा असतो. पडून राहिलेल्या पेटीचा खर्च आठवड्याला अर्धा डॉलर. मागितलेली पेटी देता आली नाही, तर एक डॉलर. चिठ्ठी पोचायला आणि माल यायला काही आठवडे जातात. पाचव्या आठवड्यात मागणी ८ पेट्यांवर जाते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते. अख्ख्या खेळात बाहेरून होणारा बदल एवढाच! पण तो दिसतो फक्त दुकानदाराला.

त्याचा साठा संपत येतो. तो जास्त पेट्या मागवतो. माल वाटेतच असतो, म्हणून घाबरून आणखी मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं, बाजारच तापला. तो त्यात आपली भर घालतो. कारखान्यापर्यंत पोचेतो मागणी कित्येक पटींनी फुगते. मग सगळा माल एकदमच येऊन धडकतो, गोदामं भरतात आणि चिठ्ठ्यांवर शून्य दिसू लागतं. संशोधक जॉन स्टर्मन यांनी १९८९मध्ये अशा खेळांची आकडेवारी प्रसिद्ध केली. डोकं शांत ठेवून खेळणाऱ्या संघाला सुमारे २०४ डॉलर खर्च यायला हवा होता. संघांचा सरासरी खर्च निघाला २,०२८ डॉलर.

खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगतात. बहुतेक जण मोठमोठ्या लाटा काढतात आणि खापर शेजाऱ्यावर किंवा लहरी गिऱ्हाइकावर फोडतात. मग शिक्षक खरा आलेख दाखवतात : एकच पायरी, बाकी सरळ रेघ. लाटा खेळाडूंनीच उठवलेल्या असतात. तरीही त्यांतला कोणी मूर्ख नसतो; अर्धवट माहिती आणि उशिरा येणारा माल यांत भली भली माणसं अशीच वागतात. दोष माणसांचा नसून पुरवठ्याच्या साखळीचा असतो, ही गोष्ट नुसत्या व्याख्यानाने इतकी अंगी भिनत नाही.

बाजारातही हेच दिसतं. लहान मुलांच्या डायपरचा खप जवळजवळ स्थिर असताना वितरकांच्या मागण्या मात्र फार वरखाली होतात, हे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ध्यानात आलं. अशा फुगवट्याला आता ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. त्याचं एक कारण मार्केटिंगवाल्यांच्या घरातलंच आहे. स्कीम लागली की व्यापारी गोदाम भरून ठेवतो आणि स्कीम संपली की महिनाभर तोंड दाखवत नाही. टंचाईची हूल उठली तर मिळेल तितकं पदरात पडावं म्हणून प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त मागतो. मार्च २०२०मध्ये सॅनिटायझरची अशी झुंबड उडाली की, केंद्र सरकारला २०० मिलीच्या बाटलीची किंमत १०० रुपयांवर बांधावी लागली.

धंद्याचे खेळ याआधीही होतेच. मेरी बिर्श्टाइन यांनी १९३०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये कारखान्याच्या कामकाजावर खेळ रचला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने संगणकावरचा खेळ आणला. मार्केटिंगच्या वर्गातला नामांकित खेळ ‘मार्कस्ट्रॅट’. फ्रान्समधल्या इन्सिआद या व्यवस्थापन संस्थेशी जोडलेल्या जाँ-क्लोद लारेशे आणि ह्युबर्ट गातिन्यों यांचा. त्यात संघ आपापले ब्रँड काढतात, किंमत, जाहिरात आणि विक्रेत्यांची संख्या ठरवतात आणि एकमेकांचे ग्राहक पळवतात. मजा भरपूर, पण हुशार मुलं ग्राहकापेक्षा संगणकाचं सूत्र हेरायच्या मागे लागण्याचा धोकाही तितकाच. म्हणून खेळानंतरची चर्चा खेळाइतकीच लांब हवी. ती गाळली, तर उरते नुसती स्पर्धा.

बिअर गेमला संगणकही लागत नाही. पुठ्ठ्याचा पट, सोंगट्या, चिठ्ठ्या आणि एक मोकळी दुपार पुरते. तालुक्याच्या कॉमर्स कॉलेजांनी आणि व्यापारी संघांनी तो एकदा खेळून पाहावा. बिअरऐवजी बिस्किटांचे खोके धरले तरी चालेल.