कपाशीच्या शिवाराची दुरंगी शाल

दिवाळीच्या सुमारास अकोल्याहून अमरावतीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच दृश्य दिसते. खाली काळीभोर कसदार जमीन आणि वर फुटलेली पांढरीशुभ्र बोंडे. वऱ्हाडाच्या शिवाराचे हे दोन रंग घरच्या घरी सुयांवरही उतरवता येतात. त्यासाठी विणकामात पारंगत असण्याची गरज नाही. सुलट टाका नीट येत असला तरी पुरे.

दोन रंगांचे विणकाम म्हटले की अनेक जणी बिचकतात. एकाच ओळीत दोन धागे सांभाळावे लागतात. मागचा धागा आवळला तर वीण आक्रसते, सैल राहिला तर त्यात बोटे अडकतात. टाके सरकवण्याच्या पद्धतीत ही अडचण येत नाही. दोन ओळी एका रंगाने आणि पुढील दोन दुसऱ्या रंगाने विणायच्या, म्हणजे एका वेळी हातात एकच धागा असतो. ठरावीक टाका न विणता उजव्या सुईवर सरकवला की खालच्या ओळीचा रंग वर ओढला जातो. हा ताणलेला टाका शेजारच्या टाक्यांहून उठून दिसतो. रंग आणि उठाव, दोन्ही एकाच कृतीतून साधतात. याच तत्त्वावरील एका प्रकाराला अमेरिकेतील बार्बरा वॉकर यांनी 'मोझॅक' हे नाव दिले आणि १९७६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

टाक्यांची मांडणी

टाक्यांची संख्या चारच्या पटीत अधिक तीन असावी. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसत असतील, तर ९१ टाक्यांत सुमारे ५० सेंटिमीटर रुंदीची शाल होते. काळ्या धाग्याने टाके घालून एक ओळ सुलट विणावी. त्यानंतर पुढील चार ओळी पुन्हा पुन्हा विणाव्यात.

पहिली ओळ (पांढरा) : ३ सुलट, * १ सरकवा, ३ सुलट *, ताऱ्यांमधील भाग शेवटपर्यंत.
दुसरी ओळ (पांढरा) : पहिलीप्रमाणेच.
तिसरी ओळ (काळा) : १ सुलट, * १ सरकवा, ३ सुलट *; शेवटी १ सरकवा, १ सुलट.
चौथी ओळ (काळा) : तिसरीप्रमाणेच.

टाका सरकवताना उलट टाक्यासाठी घालतो तशी सुई घालावी आणि धागा नेहमी शालीच्या मागील बाजूस ठेवावा. म्हणजे पहिल्या व तिसऱ्या ओळीत तो कामाच्या पलीकडे राहील, तर दुसऱ्या व चौथ्या ओळीत आपल्याकडे. रंग बदलताना धागा न तोडता कडेने सैलसर वर न्यावा. दीड मीटर लांबी झाली की काळ्या धाग्याने टाके बंद करावेत.

धाग्याची निवड

वऱ्हाडातील थंडी थोड्या दिवसांची. त्यामुळे सुती धाग्याची शाल येथे अधिक काळ वापरता येते. मात्र सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. अशी शाल वजनाने जड होते आणि टांगून ठेवल्यास लांबते; ती घडी घालूनच ठेवावी, धुतल्यावर सपाट पसरून वाळवावी. ॲक्रिलिक धागा हलका असला तरी गरम इस्त्रीने त्याची वीण निर्जीव होते. सरकवलेल्या टाक्यांमुळे वीण घट्ट होत असल्याने नेहमीपेक्षा जाड सुई घ्यावी. बाजारात नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी २३ टाक्यांचा नमुना विणून धुऊन पाहावा. काळा रंग सुटला, तर महिनाभराच्या मेहनतीची पांढरी बोंडे एका धुण्यात मळकट होतात.

मेळघाटाची ओढ असणाऱ्यांनी हीच वीण गडद तपकिरी आणि केशरी रंगांत करून पाहावी. फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाच्या कळीचे देठाकडील आवरण असेच गडद असते आणि त्यातून केशरी पाकळ्या उमलतात.

काळ्या-पांढऱ्या रंगसंगतीला मात्र इथल्या श्रमाचा संदर्भ आहे. शेतातले प्रत्येक बोंड हातानेच वेचले जाते, आणि ते वेचणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. सुतावर एक-एक टाका चढवताना त्या हातांची आठवण राहिली, तर शाल केवळ शोभेची राहणार नाही.