क्लासची सक्ती उठली
सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ आली आणि ‘मेन’ लिहायला क्लास लागेनासा झाला. दोन ओळींच्या प्रोग्रामसाठीही जिने आमच्याकडून ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ घोकून घेतले, तिनेच ही माघार घ्यावी! कंपायलर पडद्याआड क्लास बनवतोच म्हणा, पण तो निनावी पॅकेजात. नव्या पोरांना हायसे वाटले असेल. मला राग आला.

आधीचा इतिहास उरकूनच टाकतो. नॉर्वेच्या सिम्युला ६७ ने क्लास दिला, एडाने पॅकेज, सी प्लस प्लसने क्लास घरोघरी नेला. पर्लमध्ये तर पॅकेज हाच क्लास; रेफरन्सला ‘ब्लेस’ केले की झाला ऑब्जेक्ट.

१९९८ ते २००८ हे जावाचे दशक मात्र मी जगलो. कंपनीचे डोमेन उलटे लिहायचे, त्याच नावांचे फोल्डर एकात एक करायचे, एका फाइलीत एकच पब्लिक क्लास. जाच होता, पण नाव वाचले की फाइल हाती लागायची. सी प्लस प्लसवाले यावर हसायचे. त्यांच्या नेमस्पेसचा फाइलीशी काडीचा संबंध नसे. हेडर हुडकण्यात दुपार जायची ती त्यांचीच. हीच मंडळी मुलाखतीत ‘प्रोटेक्टेड’वर अडवत. त्यांच्याकडे ते वारसदार क्लासपुरते. जावात त्याच पॅकेजमधल्या शेजाऱ्यांनाही मुभा. हे बरोबर उत्तर देऊन मी एका ठिकाणी नापास झालोय.

अतिरेकही झाला. स्प्रिंगमध्ये ‘ॲबस्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन’ नावाचा क्लास खरोखरच आहे. आणि तो क्लासपाथ! एकाच जारच्या दोन आवृत्त्या त्यात शिरल्या की आधी सापडेल ती खरी. टेस्टिंगला गुमान चाललेले प्रॉडक्शनवर ‘नो सच मेथड’ म्हणत आडवे व्हायचे. जावा ९ चे मॉड्यूल आले २०१७ मध्ये. तोवर लोकांनी मेव्हनवर भागवून घेतले होते.

पायथनमध्ये प्रायव्हेट म्हणजे नावाआधी एक अंडरस्कोर. बाकी सगळी भिस्त समोरच्याच्या सभ्यतेवर. गोमध्ये क्लासच नाही, आणि पॅकेजबाहेर दिसायचे तर नावाचे पहिले अक्षर कॅपिटल हवे. देवनागरीत ते आणायचे कुठून?

असो, ज्याची त्याची रीत. पण आम्ही पॅकेज करायचो ते स्वतःचा कोड लावून ठेवायला. आता पॅकेजे मागवतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे एनपीएम पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरची बिल्ड्स कोसळली. काम काय, तर स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरणे! तरी खोड गेली नाही. परवा टीममधल्या एकाला विचारले, “ही तारीख फॉरमॅट कुठे होतेय रे?” त्याने ‘नोड मॉड्यूल्स’चे फोल्डर उघडले, बराच वेळ स्क्रोल केले, बंद केले आणि एआयला विचारले.