मोर्चा कुणाच्या दारात जातो?

कोल्हापुरात मोर्चा निघाला म्हणून कुणी हातातले काम टाकून धावत नाही. दसरा चौकात नाहीतर बिंदू चौकात जमायचे, घोषणा देत जिल्हाधिकारी कार्यालयावर जायचे आणि निवेदन द्यायचे, हे या शहराच्या अंगवळणी पडले आहे. ऊसदर, पाणीपट्टी, खंडपीठ, शाळा... विषय बदलतात, रस्ते तेच. तरीही आपल्या अनेक घरांत, विशेषतः गेल्या दोन-तीन वर्षांत, कॉलेजात जाणाऱ्या पोराने "मोर्चाला जातो" म्हटले की अम्मीचा चेहरा उतरतो. "तुला काय करायचंय? आपण बरे, आपले काम बरे." ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ती कशाची आहे, हे नीट पाहायला हवे. त्यासाठी टोलचा लढा आठवू.

महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि एक खासगी कंपनी यांच्यातल्या कराराने शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते सुमारे २२० कोटी रुपयांत करायचे ठरले. बदल्यात कंपनीने शहराच्या वेशीवर नऊ नाके उभारून ३० वर्षे टोल घ्यायचा. म्हणजे कागल किंवा हातकणंगल्याहून भाजी घेऊन येणारा टेम्पोवाला एक पिढीभर पैसे भरत राहणार. लोक उठले. सर्वपक्षीय कृती समिती झाली. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे बुजुर्ग पुढे होते, एन. डी. सरांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. मोर्चे झाले, बंद झाले, उपोषण झाले, कोर्टबाजी झाली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्र्यांच्या आश्वासनावर उपोषण सुटले, पण वसुली थांबली नाही. मग नाक्यांची मोडतोड आणि जाळपोळ झाली. "त्या आगीनेच टोल गेला" असे आजही पारावर ऐकू येते. आम्हाला ते पटत नाही. जाळपोळीनंतर वसुली पुन्हा सुरू झाली होती. टोल रद्द करण्याची घोषणा व्हायला २०१५ ची अखेर उजाडली, म्हणजे पुढची दोन वर्षे चिकाटीची होती. पानसरे ते पाहायला राहिले नाहीत. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

आंदोलने का जिंकतात आणि का विरतात, हा आता जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जाणारा विषय आहे. चार्ल्स टिली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने सांगितले की रस्त्यावर आलेले लोक सरकारला चार गोष्टी दाखवत असतात : आम्ही भली माणसे आहोत, आम्ही एक आहोत, आम्ही पुष्कळ आहोत आणि आम्ही मागे हटणार नाही. टोलच्या लढ्यात या चारही गोष्टी होत्या. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातले ३२३ लढे तपासले. सशस्त्र लढ्यांपेक्षा अहिंसक लढे जवळपास दुपटीने यशस्वी झालेले त्यांना आढळले. कारण साधे आहे. बायका, म्हातारी माणसे, नोकरदार अशा लढ्यात उतरू शकतात. दगड उचलले की ती घरी परततात.

दुसरा एक अभ्यास आम्हाला कोल्हापूरच्या फार जवळचा वाटतो. १९६४ च्या उन्हाळ्यात काळ्या लोकांची मतदार नोंदणी करण्यासाठी मिसिसिपीला जायला शेकडो तरुणांनी अर्ज केले. काही गेले, काहींनी ऐनवेळी माघार घेतली. डग मॅकॲडम यांनी दोघांचे अर्ज ताडून पाहिले, तर विचारांत फारसा फरक नव्हता. जे गेले त्यांचे मित्र जाणाऱ्यांत होते, इतकेच.

आपल्याकडे हे मित्र कुठे भेटतात? तालमीत. कोल्हापूरची तालीम म्हणजे कुस्ती, फुटबॉल, गणपती आणि मोहरमचा पंजासुद्धा. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकाच छताखाली बसतात. काही वर्षांपूर्वी दोन्ही सण एकत्र आले तेव्हा गावाने ते पाहिले. अशा पेठेतला मुस्लिम पोरगा टोलच्या मोर्चाला गेला तो "मुस्लिम" म्हणून नव्हे, तालमीचा म्हणून. १५ ऑक्टोबर २०१६ च्या मराठा मूक मोर्चात आपल्या लोकांनी पाण्याच्या बाटल्या वाटल्या, तीही शेजारधर्माचीच गोष्ट होती.

मग ७ जून २०२३ उजाडला. मोबाईलवरच्या स्टेटसचे निमित्त झाले, बंदची हाक आली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडले. पुढच्या वर्षी, १४ जुलैला, विशाळगडाच्या अतिक्रमणाचे नाव घेऊन निघालेली गर्दी पायथ्याच्या गजापुरात मुस्लिमांच्या घरांवर आणि मशिदीवर तुटून पडली. अम्मीच्या चेहऱ्यावरची भीती इथली आहे. इथे टिलीच्या चार गोष्टी पुरत नाहीत, हे मान्य करायला हवे. संख्या त्या गर्दीतही होती, एकीही होती, मित्राने मित्राला बोलावून आणले होते. फरक दिशेचा आहे. टोलचा मोर्चा कराराच्या विरोधात, सत्तेच्या दारात गेला. या गर्द्या शेजाऱ्याच्या दारात गेल्या. सत्तेला जाब विचारणारा जमाव आणि शेजाऱ्याला धडा शिकवायला निघालेला जमाव, दोघांनाही बातम्यांत "आंदोलक" म्हणतात. ते शब्दांचे दारिद्र्य आहे. त्याच जूनमध्ये शहरात सद्भावनेसाठीही लोक चालले, हेही घरात सांगितले पाहिजे.

तेव्हा पोराला "जाऊ नको" म्हणण्याआधी विचारावे : मागणी काय, कुणाकडे, बोलावले कुणी, सोबत कोण? आणि पोरीलाही हेच विचारावे. शाहीनबागेच्या बायकांनी २०१९-२० चा सारा हिवाळा रस्त्यावर काढला, तेव्हा त्यांना कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

कायद्याचे मात्र घरात माहीत असावे. शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. रस्त्यावरच्या सभांवर सरकारला नियम घालता येतात, सरसकट बंदी घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा प्रकरणात सांगितले. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये, शाहीनबागेच्याच प्रकरणात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असेही त्याच न्यायालयाने म्हटले. आपल्या जिल्ह्यात सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो. तो लागू असला की पाच किंवा जास्त लोकांना विनापरवाना जमता येत नाही. आदेश मोडला तर गुन्हा नोंदतो आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो वर येतो. म्हणून आयोजकांनी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन परवानगी घेतली आहे का, मार्ग आणि वेळ कोणती, हे निघण्याआधी विचारावे. पत्राची प्रत मोबाईलमध्ये असू द्यावी.