'पुट आउट' म्हणजे बाहेर ठेवणे नव्हे! वणव्याच्या दिवसांत शिका इंग्रजीचा एक कामाचा शब्द

चंद्रपूर/गडचिरोली : मार्च लागला की मोहफूल गळायला लागते, पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि जंगलात कुठे ना कुठे धूर दिसू लागतो. राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ मानला जातो. मोहाखालचा पालापाचोळा पेटवला की फुलं वेचायला सोपं जातं, म्हणून कुणी काडी लावतो. दुपारचा वारा सुटला की तीच आग जाळरेषा ओलांडून पुढे पळते. मग गावात एकच प्रश्न फिरतो, "आग इझली का जी?"

हाच प्रश्न इंग्रजीत कसा विचारायचा? आग विझवण्यासाठी इंग्रजीत रोजच्या बोलण्यातला शब्द आहे 'पुट आउट'. तो वनरक्षक, तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना लागतो, ताडोबाच्या गाईडला लागतो आणि मोबाईलवर इंग्रजी बातमी वाचणाऱ्यालाही लागतो.

दोन शब्द, तिसराच अर्थ

'पुट' म्हणजे ठेवणे. 'आउट' म्हणजे बाहेर. दोन्ही जोडले की अर्थ होतो विझवणे. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपली मराठीही हेच करते. 'टाकणे' म्हणजे फेकणे, पण 'काम करून टाक' म्हटलं की कुणी काही फेकत नाही. 'तो चावी विसरून बसला' यात कुणी खाली बसत नाही. इंग्रजीत क्रियापदाला आउट, ऑफ, अप, ऑन असे छोटे शब्द जोडतात आणि अर्थ बदलतो. म्हणून असे शब्द सुटे पाठ करू नका, जोडीनेच लक्षात ठेवा.

उच्चार 'पुट' असाच आहे. 'बट', 'कट' यांचं स्पेलिंग बघून 'पट' म्हणू नका. आणखी एक सोय अशी की भूतकाळातही 'पुट'चं 'पुट'च राहतं.

रोजची वाक्यं

• "पुट आउट द फायर." – आग विझवा.
• "दे पुट आउट द फायर विथ ग्रीन ब्रांचेस." – त्यांनी हिरव्या फांद्यांनी आग विझवली.
• "प्लीज पुट आउट युवर सिगारेट." – कृपया सिगारेट विझवा. पाहुण्याला हे सांगताना 'प्लीज' विसरू नका.
• "शी पुट आउट द कुकिंग फायर अँड वेंट टू द फील्ड." – तिने चूल विझवली आणि वावरात गेली.

'ती' किंवा 'तिला' म्हणायचं असेल तर 'इट' हा शब्द मधे येतो. "पुट इट आउट" हे बरोबर, "पुट आउट इट" हे चूक. परीक्षेत नेमकं इथेच पोरं अडकतात.

विझली की विझवली?

मराठीत 'आग विझली' आणि 'आग विझवली' यात एका अक्षराचा फरक आहे. इंग्रजीत तिथे शब्दच बदलतो. आपोआप विझली तर "द फायर वेंट आउट". माणसांनी विझवली तर "द फायर वॉज पुट आउट". रात्रभर राबून गावाने वणवा विझवला असेल आणि अर्जात 'वेंट आउट' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल आग स्वतःच विझली. गावाची मेहनत कागदावर येणारच नाही.

आटोक्यात म्हणजे विझली नव्हे

सर्वांत महत्त्वाचा फरक इथे आहे. "द फायर इज अंडर कंट्रोल" म्हणजे आग आटोक्यात आली, पुढे पसरत नाही. "द फायर हॅज बीन पुट आउट" म्हणजे आग पूर्ण विझली. पहिलं वाक्य वाचून घरी गेलात तर घात होऊ शकतो. ज्वाळा दिसत नसल्या तरी पडलेल्या लाकडाच्या ओंडक्यात, बुंध्याच्या ढोलीत विस्तव धुमसत राहतो. दुपारी वारा आला की ठिणगी उडते आणि पुन्हा पेट घेते. ओंडका उलटा करून बघा, पाणी किंवा माती टाका, धूर आणि धग पूर्ण थांबली तरच 'पुट आउट' म्हणा.

'पुट ऑफ'शी गल्लत नको

बरेच जण "पुट ऑफ द फायर" म्हणतात. ते चूक आहे. 'पुट ऑफ'चा नेहमीचा अर्थ पुढे ढकलणे. "द मीटिंग वॉज पुट ऑफ" म्हणजे सभा विझली नाही, तारीख पुढे गेली. परीक्षेच्या सूचनेत हा शब्द दिसला तर गाडी पकडण्याआधी नवी तारीख बघा. भामरागड, सिरोंचाहून फुकटचा हेलपाटा वाचेल.

'पुट आउट'चाही आणखी एक अर्थ आहे. "द ऑफिस हॅज पुट आउट अ नोटीस" म्हणजे कार्यालयाने नोटीस काढली. आपणही नोटीस 'काढतो'च ना? पुढे फायर, लॅम्प, सिगारेट असेल तर विझवणे. पुढे नोटीस, न्यूज असेल तर काढणे, प्रसिद्ध करणे.

परीक्षेसाठी एक प्रश्न

2023 च्या वनरक्षक भरतीत 120 पैकी 30 गुण इंग्रजीचे होते. असा प्रश्न सोडवून बघा : "द व्हिलेजर्स हेल्प्ड टू पुट ___ द फायर." पर्याय ऑन, ऑफ, आउट, अप. 'पुट ऑन' म्हणजे कपडे घालणे, 'पुट ऑफ' पुढे ढकलणे, 'पुट अप' म्हणजे फलक वगैरे लावणे. उरलं 'आउट', तेच उत्तर.

आणि जंगलात खरोखर आग दिसली तर आधी वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. ठिकाण नीट सांगा : गाव, नाला, जवळचा रस्ता. फोन मराठीतच करा, इंग्रजीची गरज नाही. बिडी मात्र फेकण्याआधी चिरडून विझवा. तिला इंग्रजीत म्हणतात, "पुट इट आउट."