सातवी मागणी

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की सोलापुरातल्या आमदारांच्या संपर्क कार्यालयांत निवेदनांची रीघ लागते. अशाच एका निवेदनाचा मसुदा ठरत होता, तेव्हा मी परिचारिकांमध्ये बसले होते. बहुतेकजणी उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकारी, मोहोळ-अक्कलकोटकडून ड्युटी आटोपून एसटीनं आलेल्या. दोघी अतिदक्षता विभागातल्या. मागण्या काय, यावर वाद नव्हता. कुठली कितवी, यावर होता.

कंत्राट संपवून सेवेत कायम करा, ही पहिली. ती हलणारच नव्हती. मग मानधन, कामावर आधारित मोबदला, बदल्या, सुरक्षा. ‘परिचारिकांना औषध लिहून देण्याचा मर्यादित अधिकार कायद्यात नमूद करावा’ ही ओळ घसरत घसरत सातवी झाली. 

“साहेब तीनपर्यंत वाचतात, पीए पाचपर्यंत,” एक सिस्टर म्हणाली. “सातवी वाचणार कोण?”

मला ती सातवीच सगळ्यांत मोठी वाटते. उपकेंद्रावर आजोबा येतात, रक्तदाब वाढलेला. सिस्टर तो दोनदा मोजते, वही बघते, गोळी चुकली असणार हे ओळखते. मग ई-संजीवनीवर डॉक्टरांना जोडून घेते. डॉक्टर पडद्यावरून तीच गोळी लिहितात आणि कपाटातली गोळी ती आजोबांच्या हातावर ठेवते. रेंज गेली तर आजोबा बाकावर बसून राहतात. औषधविषयक 1945 च्या नियमांतल्या अनुसूची ‘के’मुळे सरकारी कार्यक्रमातली औषधं उपकेंद्रावरच्या परिचारिकेला परवान्याशिवाय देता येतात. पण देणं वेगळं, स्वतःच्या सहीनं लिहिणं वेगळं.

अतिदक्षतावालीचं दुखणं आणखी निराळं. भारतीय परिचर्या परिषदेनं क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला, त्याला आता बरीच वर्षं झाली. राज्याचा परिचारिका कायदा मात्र 1966 चा. शिक्षण नवं, चौकट जुनी. 

दिल्लीनं 2019 च्या वैद्यकीय आयोग कायद्यात कलम 32 घालून डॉक्टर नसलेल्यांना औषध लिहिण्याच्या मर्यादित परवान्याची खिडकी किलकिली केली. त्या विधेयकाविरुद्ध डॉक्टरांनी देशभर संप केला. शिवाय त्या कलमात परिचारिकांचं नाव नाही; कोण पात्र, हे नियमांवर सोडलेलं. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यानं राज्यांनाही आपापले आयोग नेमायला सांगितलं. म्हणून ही सगळी धडपड मुंबई-नागपूरकडे तोंड करून.

“होमिओपॅथीवाल्यांचं कसं झालं मग?” कुणीतरी विचारलंच. प्रश्न रास्त आहे. याच विधिमंडळानं 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची वाट मोकळी केली. प्रकरण कोर्टात गेलं, आजही धुमसतंय. पण कायद्यात ओळ तर आली. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडोत पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम निघाला, तरी कॅलिफोर्नियाला डॉक्टरच्या देखरेखीची अट सैल करणारा कायदा करायला 2020 उजाडलं. तिथंही राज्याराज्यांत वेगळी लढाई.

सातव्या मागणीची कोंडी फोडली ती एका बी.एस्सी. नर्सिंगवालीनं. सोलापूर पुणे पदवीधर मतदारसंघात येतं. आपण पदवीधर, म्हणजे विधान परिषदेचे मतदार. किती जणींनी नाव नोंदवलंय? हात मोजकेच वर गेले. पूनम गेटसमोर उन्हात धरणं धरणाऱ्या या बायकांना मतदार नोंदणीचा अर्ज भरायचं कुणी सांगितलं नव्हतं. 

मग सातवी मागणी निवेदनातून उचलून वेगळ्या कागदावर घेतली, पदवीधर आमदारांच्या नावे. मागणी म्हणून नाही, तयार तारांकित प्रश्न म्हणून, विधिमंडळाच्याच साच्यात: उपकेंद्रांवरील परिचारिकांना मर्यादित औषधलेखनाचा अधिकार देण्याबाबत शासनाने निर्णय घेतला आहे काय, असल्यास, त्याचे स्वरूप काय आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?