ब्रेक ऑइलला उकळी

माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिच्या जुन्या गाड्या दुरुस्त करून रोज वापरणारे आणि सुटीला त्याच शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणारे हौशी लोक अनेक देशांत आहेत. पुष्कळांना आधी इंजिनाची ताकद वाढवावीशी वाटते. माझ्या मते आधी ब्रेक पाहावेत.

का, ते गणिताने पाहू. चालकासह गाडीचं वस्तुमान १०५० किलोग्रॅम धरा. वळणाआधी वेग ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणला. वेग निम्मा झाला, पण गतिज ऊर्जा एक चतुर्थांशच उरली. उरलेल्या सुमारे ७८० किलोज्यूलची बहुतांश उष्णता ब्रेकमध्ये होते. तेवढ्यात अडीच लिटर पाण्याला उकळी येईल! आणि डिस्क निवण्याआधीच पुढचं वळण येतं.

ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं, की हीच किमान मर्यादा १५५ अंश धरतात. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव सहसा दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग पेडल पार खाली जातं आणि गाडी थांबत नाही. शहरात वर्षानुवर्षं निमूट चाललेलं जुनं ऑइल ट्रॅकवर असा दगा देतं.

म्हणून जुन्या रबरी नळ्या आणि ऑइल आधी बदलायचं. पॅडचं कोडं मात्र सुटत नाही. ट्रॅकचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळच्या पहिल्या सिग्नलला ते कमी पडतात, वर किंचाळतात. त्यामुळे काही जण पॅडचे दोन जोड बाळगतात आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलतात.