व्हँकुव्हर बेट : नद्यांच्या वाटेने

व्हँकुव्हर शहर व्हँकुव्हर बेटावर नाही, हे अनेक पर्यटकांना फेरीबोटीचं तिकीट काढताना कळतं. शहर कॅनडाच्या मुख्य भूमीवर, बेट सामुद्रधुनीपलीकडे. ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया मात्र बेटाच्या दक्षिण टोकाला वसली आहे. बेटाची लांबी सुमारे ४५० किलोमीटर आणि क्षेत्रफळ एवढं, की आठ गोवे आरामात मावावेत.

बेटाच्या मधोमध डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर, गोल्डन हाइंड, सुमारे २,२०० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच. पॅसिफिकवरून आलेले ढग पश्चिम उतारावर रिते होतात. तिथल्या हेंडरसन तलावाच्या परिसरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पर्जन्यछायेतल्या व्हिक्टोरियात जेमतेम सहाशे. आंबोली आणि माण-खटाव ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नवं नाही. उलटा आहे तो ऋतू. इथे पाऊस हिवाळ्याचा, त्यामुळे नद्या नोव्हेंबरात फुगतात आणि ऑगस्टमध्ये आटतात.

व्हिक्टोरियातल्या वसाहतकऱ्यांना १८६४ पर्यंत बेटाचा किनारा माहीत होता, पोट नव्हे. त्या वर्षी जूनमध्ये रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक शोधमोहीम निघाली. ब्राउन तेव्हा अवघा बावीस वर्षांचा. सोबत चित्रकार फ्रेडरिक व्हिम्पर आणि सोळा वर्षांपूर्वी जपानमध्ये शिरून तिथे इंग्रजी शिकवून आलेला रानाल्ड मॅकडॉनल्ड. काउइचन नदीने वर चढत ते तलावापर्यंत पोचले. तिथून एक तुकडी निटिनाटमार्गे पश्चिम किनाऱ्याला गेली. दाट जंगलात होकायंत्रापेक्षा आदिवासी वाटाड्यांचा आधार मोठा होता. या नद्या त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा होत्या.

मोहिमेतल्या पीटर लीच याला जुलैमध्ये सूकजवळच्या एका नदीत सोनं सापडलं. नदीला त्याचं नाव मिळालं, काठावर लीचटाउन उभं राहिलं, आणि थोड्याच काळात सोन्याबरोबर गर्दीही ओसरली.

सोन्यापेक्षा लाकूड टिकाऊ ठरलं. डंकनजवळ मायो सिंग यांनी लाकूड-गिरणी काढली. तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या वस्तीला पुढे पंजाबमधल्या त्यांच्या गावाचं, पालदीचं, नाव मिळालं. तिथला गुरुद्वारा १९१९ चा. उत्तरेकडे कॅम्पबेल नदीचं पाणी वीजनिर्मितीला जुंपलं गेलं. जॉन हार्ट धरणातून १९४७ मध्ये वीज मिळू लागली.

आज बेटावर चर्चा आहे ती पाण्याच्या तुटवड्याची. काउइचन तलावाच्या तोंडाशी १९५७ मध्ये क्रॉफ्टनच्या कागदगिरणीसाठी बंधारा बांधला गेला. वसंतात पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात बेताबेताने नदीत सोडायचं, असा त्याचा हिशेब. डोंगरावर बर्फ कमी साठलं आणि वसंत कोरडा गेला, की तो हिशेब कोलमडतो. जुलै २०२३ मध्ये याच नदीत हजारो लहान मासे मेले. कॅनडाच्या वारसा-नद्यांच्या यादीत ती २००३ पासून असूनही तिला पुरेसं पाणी मिळेलच, याची खात्री नाही.

बेटावरच्या नद्या भरात पाहायच्या, तर पावसाची तयारी ठेवून शरद ऋतूच्या अखेरीस जावं. व्हिक्टोरियाबाहेरच्या गोल्डस्ट्रीम उद्यानात तेव्हा चम सामन मासे अंडी घालायला समुद्रातून वर येतात. प्रवाह उथळ असल्याने काठावरूनही ते स्पष्ट दिसतात, आणि मेलेल्या माशांवर ताव मारायला टक्कल गरुड जमतात.